दुपारी दीड रुपया, संध्याकाळी दहा

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ बर्फाचा कारखाना चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलंय: वीज एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या लिलावाच्या बाजारात, दुपारचा भाव दीड-दोन रुपयांपर्यंत उतरतो, संध्याकाळी तोच दहा रुपयांना जाऊन टेकतो. सौर प्रकल्प अडीच-तीन रुपयांनी वीज देतात, असं पेपरात छापून येतं. मग माझं बिल का उतरत नाही? आणि ही स्वस्त वीज माझ्यासारख्यापर्यंत यायची असेल, तर बाजाराची रचना कशी हवी?

मी नोकरीची पहिली बरीच वर्षं भार नियंत्रण कक्षात काढली, नंतरची वीज खरेदी-विक्रीच्या टेबलावर. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. पण निम्मं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे, कारण तुम्ही बंदरावर असता.

सगळ्या होड्या एकदम लागल्या, प्रत्येकीत बांगडाच बांगडा, आणि बंदरात बर्फ नाही, असं समजा. भाव काय होईल ते तुम्ही मला सांगाल. तोच बांगडा दोन दिवसांनी, वारा सुटल्यामुळे एकही होडी बाहेर गेलेली नसताना, काय भावाने जाईल तेही तुम्हीच सांगाल. मासा तोच, पण किंमत वेळेची. सौर वीज म्हणजे बर्फाविना आलेला बांगडा. सकाळी नऊ ते दुपारी चार सगळ्यांचा माल एकदम येतो आणि त्याच क्षणी खपवावा लागतो. संध्याकाळी सातला घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही एकदम सुरू होतात, तेव्हा सूर्य गणपतीपुळ्याच्या मागे समुद्रात गेलेला असतो.

बंदरापेक्षा एक फरक मात्र आहे, आणि तो समजला नाही तर पुढचं सगळं चुकतं. बंदरावर प्रत्येक टोपलीची बोली वेगळी लागते. एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे असतात आणि एका तुकड्यात सगळ्यांना एकच भाव. विकणारे आपापला कमीत कमी भाव सांगतात, घेणारे जास्तीत जास्त, आणि दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथला भाव सर्वांना लागू. सौरवाल्याला इंधन विकत घ्यायचं नसतं, म्हणून तो जवळपास शून्याने बोली लावतो. दुपारी मागणी भागवायला महागडा कोळसा लागतच नाही, त्यामुळे रेषा खालीच मिळते. संध्याकाळी शेवटचं युनिट एखाद्या महाग संचातून काढावं लागतं, आणि त्या शेवटच्या युनिटाचा भाव सगळ्यांचा भाव होतो.

म्हणजे दुपारचा दीड रुपया हा सौर विजेचा खर्च नव्हे. तो त्या पंधरा मिनिटांतल्या शेवटच्या युनिटाचा भाव आहे. पेपरातले अडीच-तीन रुपये हे वेगळं प्रकरण, ते पंचवीस वर्षांच्या कराराचे दर. गुजरातेत डिसेंबर २०२० मध्ये १ रुपया ९९ पैशांपर्यंत निविदा उतरली होती, तीही याच जातीची. आणि तुमच्या बिलावरचा दर हे तिसरंच प्रकरण. त्यात कोळशाच्या संचांचे स्थिर आकार असतात, जे संच बसून राहिला तरी द्यावे लागतात. तारांच्या भाड्याचा वहन आकार असतो, वाटेत वाया जाणाऱ्या विजेची तूट असते, शेतीपंपांना स्वस्त वीज देता यावी म्हणून उद्योगांवर टाकलेला भार असतो. देशातली फार मोठी वीज अजून दीर्घ मुदतीच्या करारांतूनच फिरते, एक्स्चेंजवरून जाणारी दहा टक्क्यांच्या आत. तुम्ही बघता तो भाव सगळ्या ताटाचा नाही, ताटातल्या लोणच्याचा आहे.

ओपन ॲक्सेस, म्हणजे वितरण कंपनीऐवजी दुसरीकडून वीज घेण्याची मुभा, घेऊन थेट एक्स्चेंजवरून वीज घेता येईल का, असं तुमच्या मनात असणार. २०२२ च्या हरित ओपन ॲक्सेस नियमांनी मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली आहे, म्हणजे कागदावर तुम्ही पात्र ठराल. पण वहन आकार, क्रॉस सबसिडी अधिभार (तोच शेतीपंपांचा भार), अतिरिक्त अधिभार आणि तूट लावून दीड रुपयाचं काय होतं, ते कागदावर मांडून बघा, मग उडी मारा. मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तारांचा, रोहित्रांचा, वादळात पडलेल्या खांबांचा खर्च कुणीतरी द्यायचाच असतो. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत खांब कसे आडवे झाले होते, ते आपण पाहिलंय.

आता मूळ प्रश्न: रचना कशी हवी?

माझं मत एका वाक्यात असं, की आपण अजून युनिट विकत घेतो, वेळ विकत घेत नाही, आणि सगळा घोळ तिथे आहे. हे मला पुस्तकातून कळलं नाही, कोयनेमुळे कळलं.

कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला आणलं जातं, पोफळीच्या वीजघरांत पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली पडतं, कोळकेवाडीला साठतं, अलोऱ्याच्या तिसऱ्या टप्प्यात पुन्हा शंभरेक मीटर पडतं आणि अवजल (वीज करून सोडलेलं पाणी) म्हणून वाशिष्ठी नदीला मिळतं. सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॉटच्या घरात. घरावरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. तेवढं पाणी पोफळीला पडलं की सव्वा युनिटाच्या आतबाहेर वीज मिळते, अलोऱ्याला आणखी पाव युनिट. बस, एवढंच. पण पाण्याला मर्यादा आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलं आहे. म्हणजे १९१ कोटी घनमीटर. त्यातून ढोबळ हिशेबाने २७० ते २९० कोटी युनिटं निघतात. सगळे संच वर्षभर पूर्ण ताकदीने चालवायचे तर १७०० कोटी युनिटांचं पाणी लागेल. भागाकार केलात तर दिवसाला जेमतेम चार तास येतात.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडतो. १ जूनला पाण्याचं वर्ष सुरू होतं. त्याच दिवशी तुमच्याकडे मासेमारी बंदी लागते. हिशेबापुरतं समजा, की त्या दिवसापासून सगळे संच रात्रंदिवस चालवले. वर्षाचा कोटा साठेक दिवसांत संपेल, म्हणजे ३१ जुलैला तुमची बंदी उठता उठता कोयनेचे संच गप्प. पुढचे दहा महिने हात चोळत बसायचं.

गंमत अशी, की स्वस्त वीज आधी, महाग वीज नंतर, हा आपला क्रम लावण्याचा नियम अक्षरशः पाळला तर हेच करावं लागेल. कारण कागदावर कोयनेचं युनिट सगळ्यात स्वस्त. इंधन नाही, धरणाचे पैसे फिटलेले. तरी प्रत्यक्षात असं कुणी करत नाही. कुठला संच कधी चालवायचा ते ठरवणाऱ्या ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रात बसलेला माणूस कोयना राखून ठेवतो आणि संध्याकाळी काढतो. त्याच्या डोक्यात पाण्याची एक किंमत असते, जी कुठल्याच दरपत्रकात नसते. आज दुपारी हे पाणी सोडलं तर संध्याकाळी ते नसेल, आणि संध्याकाळचं युनिट दहा रुपयांचं आहे, म्हणून या पाण्याची किंमत दहा रुपये. अर्थशास्त्रवाले याला मोठं नाव देतात. आमच्याकडे ‘पाणी राखा’ एवढंच म्हणत.

माझ्या उमेदवारीच्या काळातली एक संध्याकाळ सांगतो. सव्वासहा वाजलेले. पडद्यावर ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, वारंवारता, जी ५० हर्ट्झच्या आसपास राहायला हवी, ४९.८ च्या खाली सरकू लागली, कुठेतरी एक मोठा औष्णिक संच अचानक बंद पडला होता. आमच्या शिफ्ट इंचार्जनी फोन उचलला, पोफळीला तीन शब्द बोलले, आणि चहाचा कप उचलून खिडकीशी गेले. मी आकड्यांकडे डोळे लावून बसलेलो. काही मिनिटांत यंत्रं फिरली आणि काटा वर आला. औष्णिक संच थंड झाला तर पुन्हा उभा करायला तासन्‌तास लागतात, तिथे हा फरक. मी विचारलं, ‘‘साहेब, या फोनचे पोफळीला किती मिळाले?’’ ते हसले. युनिटांचे मिळाले, फोनचे नाही.

त्या प्रश्नाभोवतीच माझी पुढची पंचवीस वर्षं फिरली, असं म्हणायला हरकत नाही. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवण्याचं आवाहन झालं, तेव्हा देशाची मागणी काही मिनिटांत ३१ हजार मेगावॉटच्या आसपास घसरली आणि पुन्हा चढली. ग्रिड पडलं नाही, ते मुख्यतः जलविद्युत संचांनी झटपट खाली-वर करून दाखवलं म्हणून. सौर आणि पवन वाढतील तसं हे खाली-वर रोज लागणार, मुहूर्त काढून नाही. मग त्या चपळाईला वेगळे पैसे नकोत? केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०२२ मध्ये पूरक सेवांचे नियम आणून राखीव (ऐनवेळी खाली-वर करायला तयार ठेवलेल्या) क्षमतेचा मोबदला बाजारातून ठरवायची सुरुवात केली. पाऊल योग्य दिशेने आहे, फक्त लहान आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण बाजाराची भाषा बोलणारे ती विसरतात. पाण्याच्या खालच्या अंगाला माणसं राहतात. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीकाठचं चिपळूण बुडालं तेव्हा अवजलाचा त्यात वाटा किती, यावर मोठा वाद झाला. संध्याकाळी भाव दहा आहे म्हणून भरतीच्या वेळी, पावसाच्या जोरात, वाशिष्ठीला वाटेल तेवढं पाणी सोडता येत नाही. बाजाराला कुंपण हवं, आणि ते कुंपण भावाच्या आधी ठरलेलं हवं.

आता कोयनेकडून खाली गुहागरला या. अंजनवेलच्या, म्हणजे एन्रॉनच्या, वीज प्रकल्पाचं नाव काढलं की आपल्याकडे अजून लोक हात जोडतात. डिसेंबर १९९३ मध्ये दाभोळ पॉवर कंपनीशी करार झाला, मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, मे २००१ मध्ये बंद पडला. भांडणाची कारणं राजकीय होती, डॉलरची होती, नाफ्त्याच्या भावाची होती. पण आमच्या खात्यातल्या जुन्या माणसांचं दुखणं वेगळं होतं. महाराष्ट्राला तेव्हा संध्याकाळच्या तीन-चार तासांची वीज कमी पडत होती, आणि करार केला जवळजवळ चोवीस तासांच्या विजेचा, वापरा न वापरा पैसे द्या अशा अटीवर. रात्री दोन वाजता नको असलेली महाग वीज घ्या, आणि त्यासाठी आपले स्वस्त संच खाली ओढा. वेळेची गरज होती, विकत घेतली युनिटं.

लोक म्हणतात तो धडा आपण शिकलो. मला शंका आहे. आज पंचवीस वर्षांचे जे सौर करार होतात, त्यांतले बरेचसे असेच सपाट असतात: जेव्हा तयार होईल तेव्हा घेऊ, प्रत्येक युनिटाला तोच दर. दर कमी आहे, त्यामुळे टोचत नाही एवढंच. शंभर मेगावॉट असताना याने काही बिघडत नव्हतं. पण शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसारख्या एकाच योजनेत हजारो मेगावॉट येऊ घातलेत, घरांवर पीएम सूर्यघरमधून तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळून पॅनेल चढताहेत, आणि सगळ्यांचा माल बारा वाजताच येतो. कोळशाचा संच दुपारी पूर्ण बंद करता येत नाही, कारण संध्याकाळी तोच लागणार आहे. म्हणून तो ५५ टक्क्यांवर धुमसत ठेवायचा. वर सौर फुकट, खाली कोळसा धुमसतोय, आणि दुपारचा भाव जमिनीवर. दुपारच्या प्रत्येक नव्या मेगावॉटने आधीच्या दुपारच्या मेगावॉटची किंमत पडते. आपल्या हापूसवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. फेब्रुवारीतली पेटी आणि मेच्या शेवटच्या आठवड्यातली पेटी वाशीला एका भावाने जात नाही, आणि एका भावाने घेणाऱ्या दलालाचं दिवाळं निघेल.

उपाय काय? करारातच वेळ घाला. हे आपल्याकडे एकदा करून झालंय. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारच्या सोलर एनर्जी कॉर्पोरेशनच्या एका निविदेत साठवणुकीसह वीज मागवली होती. साध्या वेळेला २ रुपये ८८ पैसे ठरलेले, आणि गर्दीच्या तासांच्या दरावर स्पर्धा. सगळ्यात कमी बोली ६ रुपये १२ पैसे आली. मला ती निविदा आवडली होती, कारण तिने विकासकाला, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्याला, सांगितलं नाही की बॅटरी लाव का पाणी चढव. संध्याकाळी वीज आण, पैसे घे, एवढंच सांगितलं.

दुसरी पद्धत ब्रिटनमध्ये दहा-बारा वर्षांपासून चालते: फरकाचा करार. त्यातला मला पटणारा प्रकार सांगतो. ठरलेला दर समजा ४ रुपये. महिन्याचा बाजाराचा सरासरी भाव निघाला साडेतीन. सरकारी संस्था वरचे ५० पैसे प्रत्येक युनिटाला देईल. सरासरी साडेचार निघाली तर उलट ५० पैसे विकासकाने परत करायचे. खुबी ही, की फरक सरासरीवर मोजला जातो, तुमच्या विक्रीवर नाही. म्हणजे ज्याने बॅटरी लावून आपलं युनिट संध्याकाळी आठ रुपयांना विकलं, त्याला आठ अधिक पन्नास पैसे. ज्याने दुपारी दीड रुपयाला विकलं, त्याला दोनच रुपये. बँकेला हवी ती हमी मिळते आणि वेळेचं टोचणंही राहतं. फरक विक्रीच्या भावावर मोजलात तर टोचणं गेलंच, पुन्हा सपाट करार. कराराच्या मसुद्यात हा एका ओळीचा फरक असतो, आणि त्यावर पुढची पंचवीस वर्षं ठरतात.

अल्पमुदतीच्या बाजाराबद्दल आपण बरं केलंय, हे मान्य करायला हवं. त्याची किंमत मला माझ्याच चुकीने कळली. २०१९ चा जुलै. आदल्या दिवशी अंदाज आला, की घाटावर ढग, सौर पडेल, पवनचंही फारसं नाही. मी संध्याकाळसाठी चढ्या भावाने भरपूर वीज घेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला चाळकेवाडीच्या पठारावर वारा असा सुटला, की पवनचक्क्या अंदाजाच्या दुपटीने फिरल्या. घेतलेली वीज परत विकायला म्हणावा असा बाजार नव्हता, कारण एक दिवस आधीचा लिलाव होऊन गेलेला. आम्ही कोळशाचे संच जेवढे ओढता येतील तेवढे खाली ओढले, आणि उरलेली वीज कवडीमोलाने ग्रिडमध्ये सांडली. साहेबांसमोर उभं राहून त्याचा हिशेब द्यावा लागला, तो दिवस विसरलो नाही.

१ जून २०२० पासून रिअल टाइम बाजार सुरू झाला. दर अर्ध्या तासाला लिलाव, आणि पुरवठ्याच्या तासभर आधीपर्यंत घेता-विकता येतं. तीच चूक आज झाली, तर पाचच्या आत निम्मी वीज विकून मोकळा होईन. वाऱ्याचा आणि ढगांचा अंदाज चोवीस तास आधी चुकतो तेवढा एक तास आधी चुकत नाही, ही साधी गोष्ट. कोकणात राहणाऱ्याला तर पावसाबद्दल एका तासापलीकडे बोलायची सवयच नसते.

आता दहा रुपयांच्या छपराबद्दल. एक्स्चेंजवर आधी २० रुपयांची मर्यादा होती, एप्रिल २०२२ मध्ये ती १२ वर आली, एप्रिल २०२३ पासून १०. शुद्ध बाजारवाले म्हणतात छप्पर काढा, टंचाईचा खरा भाव दिसू द्या, मग बघा बॅटऱ्या कशा येतात. तत्त्वतः खरं आहे. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फाच्या वादळात भाव मेगावॉट-तासाला ९००० डॉलरच्या छपराला जाऊन दिवसेंदिवस तिथेच राहिला. आपल्या तेव्हाच्या रुपयात एका युनिटाला साडेसहाशे. लोकांना हजारो डॉलरची बिलं आली, कंपन्या बुडाल्या, आणि शेवटी छप्पर ५००० वर आणावं लागलं. ज्या बाजारात घेणाऱ्याला हात आखडता घेण्याची सोयच नाही, तिथे उघडं आभाळ ठेवू नये. माझा कल असा: छप्पर राहू द्या, पण त्या बदल्यात राखीव क्षमतेला वेगळे पैसे मोजा. छप्परही घालायचं आणि राखीवही फुकट मागायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

साठवणुकीची गणितं आता जुळू लागली आहेत, म्हणून हे सगळं बोलण्यात अर्थ आहे. २०२२ मध्ये सोलर एनर्जी कॉर्पोरेशनच्या पहिल्या मोठ्या बॅटरी निविदेत दोन तासांच्या साठवणुकीला मेगावॉटमागे महिना १० लाख ८३ हजार रुपये दर आला होता. तीन वर्षांत, अनुदान धरून, तो काही राज्यांत अडीच लाखांच्या खाली गेला. सव्वादोन लाख धरा. दिवसातून एकदा भरून रिकामी केली तर महिन्याला ६० हजार युनिटं, म्हणजे युनिटामागे पावणेचार रुपये. दोनदा फिरवली तर त्याच्या निम्मे. दुपारी दोन रुपयांना घेतलेलं युनिट संध्याकाळी सहा रुपयांच्या आसपास पडतं. दहाचा भाव मग फार काळ दहा राहणार नाही.

पाणी चढवून साठवण्याची सोय आपल्या बाजूला आधीपासून आहे. रायगडात भिऱ्याला १५० मेगावॉटचा संच आहे. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ चा, त्याचं खालचं धरण ठाण्याच्या शहापूर तालुक्यात. अशा संचांची मूळ कल्पना होती, की रात्री कोळशाची वीज उरते तेव्हा पाणी वर चढवायचं. आता उरते दुपारी. चार युनिटं घातली की तीन मिळतात, त्यामुळे दोन्ही वेळांच्या भावांत तेवढा फरक हवा, आणि तो आज आहे. फक्त चालवणाऱ्याला तो फरक दिसला पाहिजे. ठरावीक परताव्यावर बांधलेल्या संचाला दुपार आणि रात्र सारखीच.

आणि असंच तुमचं. उद्योगांच्या बिलात अनेक वर्षं टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर, असं होतं: रात्री १० ते सकाळी ६ युनिटामागे दीड रुपया सूट, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. सकाळी ९ ते १२ सुद्धा ८० पैसे जादा, हे लक्षात आहे ना? ज्या वेळी आज पॅनेलं रसरसून चालतात, त्या वेळी वीज वापरल्याबद्दल दंड! ती रचना कोळशाच्या काळाची होती. तुम्ही रात्री कंप्रेसर चालवायची सवय लावून घेतली ती त्या दीड रुपयामुळे, आणि ते शहाणपणाचंच होतं. २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत बदल करून सौर तासांत स्वस्त, गर्दीच्या तासांत महाग, अशी दिशा दिली. महाराष्ट्रातही २०२५ च्या दरनिश्चितीत सवलतीचा रोख रात्रीकडून दिवसाकडे वळला. रात्रपाळी लावून बसलेल्या कारखान्यांनी आरडाओरडा केला, आणि त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. वीस वर्षांची सवय एका आदेशाने उलटवायची तर सांगून-सवरून, टप्प्याने उलटवावी.

पण तुमच्याबाबतीत मला हे संकट वाटत नाही. तुमचा कारखाना ही बॅटरीच आहे, फक्त तिच्यातून वीज परत निघत नाही, बर्फ निघतो. एक टन लादीला ढोबळ ६० ते ७० युनिटं धरली, तर पन्नास टनांना रोजची सव्वातीन हजार युनिटं. संध्याकाळचे चार तास कंप्रेसर बंद ठेवता आला, तर पाचशेच्या वर युनिटं दुपारी सरकतात. बंदीचे जून-जुलै तुमचं काम थंड, आणि नेमके तेच महिने सौरही झोपलेलं असतं. ऑगस्टपासून बोटी बाहेर पडतात, ऑक्टोबरपासून ऊन लखलखीत. तुमचं वर्ष आणि सौरचं वर्ष इतकं जुळणारा दुसरा धंदा मला या किनाऱ्यावर आठवत नाही.

अडचण आहे ती अशी. कंप्रेसर थांबवला की ब्राइनचं, म्हणजे लाद्या गोठवणाऱ्या खाऱ्या पाण्याचं, तापमान चढायला लागतं. लाद्या वितळत नाहीत, पण गोठणं मंदावतं. संध्याकाळी बुडालेलं उत्पादन दुपारी भरून काढायचं, तर कंप्रेसरला आणि कंडेन्सरला जादा दम हवा, किंवा तयार लाद्या ठेवायला जाड इन्सुलेशनची खोली हवी. जादा कंप्रेसरने मागणी आकार (एका वेळी ओढलेल्या कमाल भारावरचा) वाढेल, तोही हिशेबात धरा. छतावर पॅनेल टाकाल तर खारा वारा ध्यानात घेऊन चौकट आणि नटबोल्ट निवडा, आणि पत्रा वादळात टिकेल का ते आधी बघा.

खर्चाच्या आधी एक काम करा. पहाटेच्या बोटींचा बर्फ गेला आणि मागणी हलकी असली, असे दोन-तीन दिवस निवडा. संध्याकाळी सहाला कंप्रेसर बंद करा, ब्राइनमध्ये थर्मामीटर सोडा आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहा. वजा नऊवरून वजा पाचला यायला किती वेळ लागतो ते बघायचं. तासाभरात चढलं तर आधी टाकीचं इन्सुलेशन आणि जादा कंप्रेसर, दोन तास काढले तर खोलीवर भागेल. तो आकडा आणि मीटरमधल्या टीओडीच्या मागच्या बारा महिन्यांच्या नोंदी घेऊन या, मग पॅनेल किती किलोवॉटचं घ्यायचं ते बसून ठरवू.